आजारपणात उपकारस्तुती कशी करावी? मदत हवी आहे

सर्वांना सप्रेम सलाम. आईच्या डायलिसिससाठी एक दिवसाआड परळला जावे लागते आणि भांडुपला घरी परतल्यावर कौटुंबिक प्रार्थनेत मुलांपुढे देवाचे आभार मानताना माझा आवाजच फुटत नाही. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांस (फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला) आनंदाने भरलेले पत्र बंदिवासातून लिहिले, हे मी जाणते. पण मला अधिक जवळचे वाटते ते बायबलमधील 13वे स्तोत्र, कारण ‘कोठवर?’ असे चारदा विचारूनच ते गायनापाशी पोहोचते. आई मात्र सुई टोचली जात असतानाही ओठांतल्या ओठांत उपकारस्तुती करत असते. तिच्या उशाशी वाचता येतील अशी आणखी स्तोत्रे किंवा नारायण वामन टिळकांची गीते कृपया सुचवाल का? असे दिवस ज्यांनी काढले, त्यांनी मुलांना काय सांगितले, हेही अवश्य लिहावे.