घरच्या कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस आणि फायरवॉल : तुमचे अनुभव लिहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या सोसायटीत एकच चर्चा सुरू झाली. मशीन बदलायचं, की विकतचा अँटीव्हायरस टाकून आहे तेच रेटायचं? माझं मत स्पष्ट आहे. सिस्टीमची सुरक्षा अपडेट्सच थांबली तर वरून कितीही भारी अँटीव्हायरस टाका, भगदाड तसंच राहतं. बाकी निवडीत मात्र प्रत्येक घराचं गणित वेगळं. म्हणून हा धागा. काय वापरता, का घेतलं आणि मुख्य म्हणजे त्या कॉम्प्युटरवर कोण बसतं, ते लिहा. जाहिरातीत वाचलेलं नको, वापरलेलं हवं.

सुरुवात मी करते. मी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर वापरते. विंडोज ८ पासून तो सिस्टीमबरोबरच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत. त्यातली एक चांगली सोय बहुतेकांनी उघडलेलीच नसते, कारण ती मुळात बंद असते : 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर अगदी खाली रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, भाग आहे, तिथे ती सापडेल. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांत ढवळाढवळ करता येत नाही. सुरुवातीला कटकट होते. माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फाइल सेव्हच करेना. त्याला परवानगी दिली आणि मिटलं. मुलांचे सगळे फोटो कुलूपबंद होऊन खंडणी मागितली जाण्यापेक्षा ही कटकट परवडली.

कराड, दुरुस्तीचं दुकान

ताई, तुमच्या घरापुरतं बरोबर आहे, पण माझी गिऱ्हाइकं वेगळी. झेरॉक्सवाले, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, घरून टॅलीवर हिशेब करणारे. दिवसभर दुसऱ्याचे पेनड्राइव्ह लागतात. शॉर्टकट व्हायरस अजून मेलेला नाही. पेनड्राइव्ह उघडला की प्रत्येक फोल्डरच्या आयकॉनवर बारका बाण दिसतो. खरे फोल्डर लपवलेले असतात. बाणावर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि मागे व्हायरस चालू झालेला असतो. घाबरून फॉरमॅट मारू नका, डेटा बहुतेक वेळा आतच असतो. आधी स्कॅन करून व्हायरस काढायचा, मग 'अ‍ॅट्रिब' कमांडने लपलेले फोल्डर परत दिसतात.

अशा ठिकाणी मी क्विक हील हा विकतचा अँटीव्हायरस टाकतो, पेनड्राइव्ह लावल्या लावल्या स्कॅन व्हायला सेट करून देतो. तो काढणारे काटकर बंधू आमच्याच जिल्ह्यातले, रहिमतपूरचे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरू करून पुण्यात एवढी कंपनी उभी केली, याचा अभिमान आहेच.

नव्या लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटीव्हायरस मुदत संपल्यावर तसाच पडू देऊ नका. काढून टाका, म्हणजे डिफेंडर परत कामाला लागतो. आणि 'आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा' असं सांगणारं क्रॅक, म्हणजे चोरीचं, सॉफ्टवेअर घरात आणूच नका. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम याच वाटेने येतात.

ठाणे, निवृत्त नेटवर्क इंजिनिअर

फायरवॉलबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर व्हायरस आठवतो का? नेट जोडलं की पडद्यावर एक खिडकी यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी, आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट. पुन्हा नेट जोडा, पुन्हा तेच. लोक कळवळून सांगायचे, अहो, आम्ही काही डाउनलोडच केलं नाही! आणि ते खरं होतं. ब्लास्टर ईमेलमधून येतच नव्हता. विंडोजमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन तो १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या एका दारातून, थेट आत शिरायचा. अँटीव्हायरस आत आलेली फाइल तपासतो, फायरवॉल आत कोणाला घ्यायचं ते दारातच ठरवते. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद असायची. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून ती आपोआप चालू राहू लागली.

मे २०१७ चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर असाच ४४५ पोर्टमधून पसरला. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले.

आज घरचा राउटर बाहेरून येणारं बरंचसं अडवतो, त्यामुळे वेगळी फायरवॉल विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. हॉटेल किंवा हॉस्टेलच्या वायफायवर मात्र विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवा, म्हणजे तिथल्या इतरांना तुमचा कॉम्प्युटर दिसत नाही. प्रिंटर शेअर होत नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करणारे मी खूप पाहिलेत. फक्त त्या प्रिंटरपुरती परवानगी द्या. मॅकवाल्यांनीही एकदा सेटिंग्ज बघा, तिथे फायरवॉल मुळात बंद असते.

बंगळुरू, आईबाबा रत्नागिरीला

बाबांच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, 'पाच व्हायरस सापडले, लगेच क्लिक करा.' पूर्ण स्कॅन केला, काहीच सापडेना. सापडणार कसं, तो व्हायरस नव्हताच! कुठल्या तरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मिळवली होती आणि तीच अँटीव्हायरसचं सोंग घेऊन बोलत होती. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी काढली, थांबलं.

त्यानंतर बाबांसाठी साधं अकाउंट केलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. आता ते आधी मला फोन करतात. फोनवर कोणी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, हे मॉनिटरला कागद चिकटवून लिहून ठेवलंय.

न्यू जर्सी

इकडे निवडताना कायदाही बघावा लागतो. २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली, सप्टेंबरअखेर अपडेट्सही थांबली. तेव्हा नवीन निवडताना मी एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या युरोपातल्या चाचणी संस्थांचे निकाल वाचले. कंपनीच्या दाव्यांपेक्षा ते कितीतरी उपयोगी आहेत.

नाशिक

आपला अँटीव्हायरस खरंच जागा आहे का, हे बघायला 'आयकार' चाचणी फाइल आहे. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर. डाउनलोड करताच इशारा यायला हवा. नाही आला तर आधी 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का ते बघा.