मदत हवी आहे: वसुलीवाला थोडे पैसे घेतच नाही, काय करू?

नमस्कार. आम्ही गोव्यात पेडणे तालुक्यात राहतो. मिस्टर शॅकमध्ये, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात, स्वयंपाकी आहेत. मेअखेर शॅक मोडले की ऑक्टोबरपर्यंत पगार नाही, तेवढे महिने घर माझ्या शिवणावर चालतं. दोन वर्षांपूर्वी छपराचे वासे कुजले, पाऊस घरात यायला लागला, म्हणून एका फायनान्स कंपनीकडून 1,20,000 रुपये विनातारण घेतले. हप्ता 4,700. 22 हप्ते एकदाही न चुकता भरले. यंदा जून आणि जुलैचा राहिला.

परवा वसुलीचा माणूस आला तेव्हा ब्लाउज शिवून जमवलेले 2,000 त्याच्यापुढे ठेवले. पाचशेच्या चार नोटा, मशीनच्या फळीवर. त्यानं त्या बोटानं परत माझ्याकडे सरकवल्या. "अर्धवट चालत नाही, दोन्ही हप्ते दंडासकट द्या." ॲपवरही रकमेचा आकडा बदलता येत नाही. मग रात्री साडेआठला फोन. काल तर शेजारच्या वहिनींना फोन करून आमचं कर्ज सांगितलं. वाड्यावर मान वर करून चालवत नाही.

आम्हाला कुणाचे पैसे बुडवायचे नाहीत हो. चवथीचं शिवण हातात आहे, आठवड्याला हजार-बाराशे नक्की देऊ शकते. पण घरात ठेवले की ते खर्च होतात. दुसऱ्या कुठल्या मार्गानं भरता येतील का?

प्रतिसाद 1
ताई, मी वसुलीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. अर्धा हप्ता घेतलाच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही, हे आधी सांगतो. पण हा नकार कंपनीचा आहे की दारात आलेल्या माणसाचा, ते बघा. त्याला सोडा, थेट शाखेत जा. कर्जखात्यात भरणा करून पावती घ्या. त्या माणसाच्या हातात पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. शाखेनंही नाही म्हटलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला इतके भरते, हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या. उत्तर लेखी मागा.

घाई एवढ्यासाठी की थकबाकी 90 दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलेलं कर्ज, होतं, आणि मग सगळी थकबाकी फेडल्याशिवाय ते नियमित होत नाही. दिवस सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. म्हणून थोडे थोडे करून का होईना, जूनचा हप्ता आधी पुरा करा आणि पैसे त्याच हप्त्याला लावा असं लिहून द्या. तो मिटला की मोजणी जुलैपासून धरली जाते.

आणखी एक. हप्ता ज्या खात्यातून आपोआप कापला जातो तिथे हे 2,000 ठेवू नका. हप्ता परत गेला की बँक त्यातूनच दंड कापते.

शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. तिच्याच नियमानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. घराचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर विनातारण कर्ज सूक्ष्मकर्जात मोडतं, तिथे हीच वेळ 9 ते 6 आहे. फोनच्या तारखा, वेळा लिहून ठेवा, वहिनींना आलेल्या फोनचीही. कंपनीनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 वर फोन करा.

धागाकर्ती
दादा, खूप आभार. ते 2,000 त्याच खात्यात टाकणार होते, तुमच्यामुळे थांबले. मोबाइलवरून रात्रीच्या फोनच्या वेळा वहीत उतरवल्या, या आठवड्यात सहा निघाले. सोमवारी शाखेत जाते. ईमेल मुलगी लिहून देते म्हणाली. मराठीत लिहिलेली चालेल ना?

प्रतिसाद 1
मराठीतच लिहा. कर्जखात्याचा क्रमांक आणि तारीख तेवढी वरती ठळक टाका.