बायप्लेनला 'द्विपंखी' म्हणायचं का?

कंदील: पहिल्या महायुद्धावरचा लेख मराठीत आणतोय. त्यात बी.ई.२ नावाचं ब्रिटिश टेहळणी विमान आहे, १९१२ चं, फार्नबरोच्या सरकारी कारखान्यातलं, डिझाइन जेफ्री डी हॅविलंडचं. बायप्लेनला 'द्विपंखी' लिहिलं तर बायको म्हणते चिमणीपण द्विपंखीच असते की. तिथेच अडकलोय.

ओसरी: वहिनींचं बरोबर आहे. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, म्हणजे चौपंखी झालं ना!

माळरान: काहीतरीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी एक फळी म्हणजे एक पंख, अशा दोन फळ्या एकावर एक. द्विपंखी रुळलाय, राहू द्या.

ओसरी: एकावर एक म्हणताय तर मग दुमजली म्हणा 😀

निंबोणी: बायप्लेनच ठेवा हो, बस आणि टेबल चालतं तर हेच का टोचतं?

कंदील: बरं, पण ऑब्झर्व्हरचं काय? तो पुढच्या सीटवर, पायलट मागे. निरीक्षक लिहिलं की पोलीस ठाणंच डोळ्यासमोर येतं.

निंबोणी: नजरबाज! शिवकाळातला अस्सल शब्द.

माळरान: नजरबाज म्हणजे हेर, गुपचूप फिरणारा. हा तर भर दुपारी आभाळात घरघर करत जायचा. टेहळ्या लिहा.

ओसरी: आमची आजी टेहळ्या म्हणायची ते कामधंदा सोडून दारात उभं राहून येणारे-जाणारे मोजणाऱ्याला.

माळरान: मग हाही तेच करायचा की, फक्त वरून. फौजा कुठे सरकल्या ते मोजायचं.

कंदील: अजून एक. १९१४ च्या २सी मॉडेलमध्ये एडवर्ड बस्कने विमान इतकं 'स्टेबल' केलं की ते आपलं आपण सरळ उडायचं, पायलटला खाली बघायला सवड. पण तेच पुढे नडलं, १९१५ ला जर्मनांची फोकर लढाऊ विमानं मागे लागली तर याला झटकन वळता येईना, आणि टेहळ्याच्या चहूबाजूंनी पंखांचे खांब नि तारा, बंदूक फिरवणार कुठे? तर स्टेबलला 'स्थिर' म्हणू का?

ओसरी: स्थिर तर बुजगावणंही असतं. 'तोल सावरणारं' म्हणा.

निंबोणी: संस्कृतातला चांगला शब्द टाकून देऊन तीन तीन शब्द वापरायचे, याला काय अर्थ आहे?

ओसरी: तुम्हीच मघाशी बायप्लेन ठेवा म्हणत होतात ना?

निंबोणी: ते वेगळं. बाय द वे टेहळणी हा टेकडीवरून आलाय, टेकडीवर चढून बघायचे म्हणून.

माळरान: मग डोंगरावरून बघितलं तर डोंगरणी का? कोश तरी उघडा कधीतरी.

कंदील: अहो, बायप्लेन...

निंबोणी: कुठला कोश ते सांगा आधी.