सेट झालेली आहे, आता नेट द्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला. इतिहासात एम. ए., सेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा; नेट ही देशपातळीवरची) उत्तीर्ण, वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएच. डी. नाही. वय 36, त्यामुळे जेआरएफचा (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, तिला वयोमर्यादा असते) प्रश्न नाही. महाराष्ट्राबाहेर जायचं नाही, म्हणून सेट राज्यापुरतीच चालते याची अडचण वाटत नाही.

पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी करताना नेटला 8 गुण आहेत, सेटला 5, पीएच. डी.ला 25. हे 3 गुण मला खटकतात.

नेट दोनदा दिली, थोडक्यात राहिली. शिक्षण सगळं मराठीतून. सेटचा पेपर मराठीत सोडवता आला, नेटला इतिहासासाठी हिंदी किंवा इंग्रजीच. सगळा वेळ भाषेतच जातो. तासिकांमुळे अभ्यासाला रात्रीचे दोन तास मिळतात, म्हणजे नेट आणि पीएच. डी. प्रवेशाची तयारी एकत्र झेपणार नाही.

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर विद्यापीठाच्या अनुदानित महाविद्यालयांत ज्यांनी अलीकडे मुलाखती दिल्या, त्यांनी कृपया सांगावं: फक्त सेट असलेल्यांना मुलाखतीचं पत्र येतं का, की आता नेट सोडून थेट पीएच. डी.च्याच मागे लागू?