अपघातानंतर धरलेली मान: तुमचे अनुभव सांगा

सांजवेळ
काल सिग्नलला उभी होते. मागे कुणीतरी करकचून ब्रेक दाबला आणि माझा हात आपसूक मानेवर गेला. लागलं काहीच नाही, पण पाच वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांसमोर आलं.

तेव्हा मागून धडक बसली होती. वेग फार नव्हता. उतरून बंपर पाहिला, घाबरलेल्या त्या मुलालाच धीर दिला आणि घरी आले. रात्री छान झोपले. सकाळी उशीवरून डोकं उचलेना. दोन्ही हातांनी मागून धरून उचललं तेव्हा कुठे उठून बसले. एक्सरेत सगळं ठीक. घरचे म्हणाले, मग दुखतंय कशाने? त्या दिवशी खूप रडले.

पुढे फिजिओने समजावलं. धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं, चार-पाच किलोचं डोकं मागे राहतं आणि मग हिसक्याने पुढे येतं. एक्सरेत हाडं दिसतात, ताणलेले स्नायू आणि सांध्यांभोवतीचे बंध दिसत नाहीत. दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतं. हे ऐकलं आणि वाटलं, चला, माझं दुखणं खरं आहे. पूर्ण बरं व्हायला तीन महिने लागले. तुमचं कसं गेलं?

रानवाट
मानेचा पट्टा!! मी जिन्यावरून पडलो होतो. कुणी सांगितलं नसताना स्वतःच कॉलर आणून महिनाभर घातली. काढली तर मान डोकं पेलेना, अशी अशक्त झाली होती. दुखण्यापेक्षा तो आखडलेपणा घालवायलाच जास्त दिवस गेले.

पाऊलखुणा
रानवाटदादा, किती दिवसांनी! आईंची तब्येत कशी आहे आता?

रानवाट
बरी आहे गं, काठी घेऊन चालते. विचारलंस, बरं वाटलं.

निळी_छत्री
मला मानेपेक्षा डोकेदुखीने छळलं. मानेच्या मागून सुरू होऊन कपाळापर्यंत कळ यायची. चष्म्याचा नंबर तपासून आले, तो तोच होता. मूळ मानेतच होतं. आणि केस धुताना पुढे वाकणं तर अशक्य, बहीण धुऊन द्यायची. तिचे उपकार कसे फेडू.

मंदार_फिजिओ
रोज असे रुग्ण बघतो म्हणून जरा सविस्तर. मोडतोड नाही हे नक्की झालं असेल तर लवकरात लवकर, सोसेल तेवढी हालचाल सुरू करायची. पूर्वी पट्टा लावून पडून राहायला सांगत, आता तसं सांगत नाहीत. मान हळू डावीकडे-उजवीकडे वळवणं, हनुवटी सरळ मागे नेणं, खांदे फिरवणं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. थोडं दुखलं म्हणजे इजा वाढली असं नाही. बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताच्या रेट्याने उठा.

पण पडल्या-धडकल्यावर हातापायांत मुंग्या, बधिरपणा, हातातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर मान हलवून बघू नका, थेट इस्पितळ. वय ६५ किंवा जास्त असेल, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडला असाल, तरीही आधी तपासणी. आणि त्या अवस्थेत कुणाकडूनही मान 'मोडून' घेऊ नका, कळकळीने सांगतो.

निळी_छत्री
मंदार, शेक घ्यायचा की बर्फ?

मंदार_फिजिओ
ज्याने आराम पडेल ते. कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं. त्या आरामात व्यायाम उरकून घ्या, खरा फायदा त्याचा.

वळणवाट
गाडीतलं हेडरेस्ट बघा सगळ्यांनी! आमचं तळाशी ढकललेलं होतं, मागून धडक बसली तेव्हा नवऱ्याचं डोकं त्यावरून मागे गेलं. वरचा काठ माथ्याच्या उंचीला हवा आणि डोक्याच्या अगदी जवळ. आता कुणाच्याही गाडीत बसले की आधी ते वर ओढते.

पाऊलखुणा
दुखणं गेलं, पण भीती? मला अजून गाडी मागे घेताना वळून बघवत नाही. पूर्ण धड वळवते.

सांजवेळ
पाऊलखुणा, माझंही तसंच होतं गं. मी बंद गाडीत बसून नुसती मान वळवायचा सराव केला, रोज पाच मिनिटं, किल्ली घरात ठेवून. दोन आठवड्यांनी जमलं. नंबर आहे ना माझा? रात्री फोन कर.

ओंजळ
आज माझा चौथा दिवस. रात्रभर झोप नव्हती म्हणून सगळं वाचून काढलं. डॉक्टरांनी तपासलंय, हाडं ठीक आहेत. काल मान जराही वळत नव्हती. आत्ता उजवीकडे वळवली तर खिडकीतलं अर्धं झाड दिसलं.

सांजवेळ
उद्या किती दिसतं ते सांग.