महिला हक्क संस्थेतली इंटर्नशिप : तुमचे अनुभव लिहा

निळीशाई

काल भाचीचा फोन आला. सुट्टीत एका महिला हक्क संस्थेने तिला इंटर्न म्हणून घेतलंय. "मावशी, तिथे नेमकं करायचं काय असतं?" म्हटलं, ऐकायचं असतं. तर म्हणते, "ते तर मी घरीही करते." फोन ठेवला आणि मी त्या जुन्या खोलीत जाऊन बसले ती बसलेच.

साल २००७. मीही अशाच एका संस्थेत इंटर्न. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, पण लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. म्हणजे कायदा आणि मी, दोघंही नवखे. या कायद्यानुसार बाईला मदत करायला नेमलेले संरक्षण अधिकारी कुठे भेटतील असं चौकीत विचारलं की तिथलेच आम्हाला उलट विचारायचे, हे कोण असतात?

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. मी टिपण लिहिलं, "अर्जदार दुपारी आली. खूप घाबरलेली." समुपदेशक ताईंनी वही बघितली. "घाबरलेली कशावरून?" मी म्हटलं, दिसतच होतं की. "मग जे दिसलं ते लिही." मी परत खोलीत डोकावले. तिच्या एका पायात निळी स्लीपर, दुसऱ्या पायात तपकिरी पुरुषी चप्पल, दोन बोटं मोठी. दहा मिनिटं समोर बसून मला ते दिसलंच नव्हतं.

मग घरगुती घटना अहवालाचा फॉर्म. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक असे वेगवेगळे रकाने असतात. मारहाणीबद्दल विचारलं तर म्हणाली, तेवढं चालतंच. आर्थिकच्या रकान्याशी मात्र तिने मला थांबवलं. "पगार काढून घेतात, हे पण यात येतं?" येतं म्हटल्यावर तिने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसली.

पंधरा दिवसांनी ती नवऱ्याकडे परत गेली. मी चिडले, तिच्यावरच. ताई म्हणाल्या, "पुन्हा यावंसं वाटलं तर तिला लाज वाटता कामा नये. तेवढं सांभाळ." तीन महिन्यांनी माझी मुदत संपली. पुढचं मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर लिहा. माणसांची आणि संस्थांची नावं मात्र नकोत.

टपालपेटी

वाचतेय. माझा अनुभव = झेरॉक्स. दोन महिने!! प्रत्येक केसचे तीन संच. लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका, रेशनकार्ड आणि लग्नातला फोटो. फोटोची झेरॉक्स काळी यायची, त्यात नवरी नवरदेव दोघांचे नुसते दात दिसायचे. मग परत काढायची, उजळ करून. एकदा एक काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या राहू दे गं, काळाच बरा आहे.

मधलीसुट्टी

मी पुरुष इंटर्न. एकुलता एक. पहिल्या दिवशी खोलीत शिरलो आणि आतलं बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बाहेर, दाराशी. आधी अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. वाटलं होतं आपण बायकांच्या बाजूने आहोत म्हणजे त्यांना ते कपाळावर लिहिलेलं दिसेल.

मग माझ्याकडे कामं आली ती अशी. एक्सेल भरणे. आत आई बोलत असताना पोरांना बाहेर खेळवणे. आणि तणतणत येणाऱ्या नवऱ्यांना बाकावर बसवून ठेवणे. ते तिसरं काम मला जमायला लागलं. एक जण अर्धा तास मला बायकोचे दोष सांगत होता. मी विचारलं, तिला काय आवडतं? गप्प. बराच वेळ विचार करून म्हणाला, "टीव्ही." मला हसू आलं आणि त्याच रात्री आठवलं की आईबद्दल कुणी हेच विचारलं असतं तर मीही टीव्हीच म्हणालो असतो.

टपालपेटी

@मधलीसुट्टी मग विचारलंत का आईला?

मधलीसुट्टी

विचारलं. "तुझं काय काम आहे ते आधी सांग" म्हणाली.

रातकिडा

हाहाहा आई लोक्स

मी हेल्पलाइनवर होते. कोरे फोन हा वेगळाच प्रकार असतो. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता पंखा ऐकू येतो. आम्हाला सांगितलेलं होतं की ठेवायचा नाही, शांतपणे सांगत राहायचं, मी आहे, घाई नाही. एक बाई तीनदा अशी गप्प राहिली, चौथ्यांदा बोलायला लागली आणि मध्येच एकदम जोरात "नाही हो मला कर्ज नकोय, परत परत फोन करू नका". मी बावळटासारखी म्हणाले अहो ताई आम्ही कर्ज देत नाही. शेजारच्या मैत्रिणीने कागदावर लिहून दाखवलं, नवरा आला असेल. मग मी पण सुरू, मॅडम व्याजदर फक्त अमुक टक्के. तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, काल छान बोललात.

१८१ ही महिला हेल्पलाइन सगळ्यांनी लक्षात ठेवा, धोका अगदी दारात असेल तर ११२.

स्पष्टवक्ता१

राग नका मानू, पण या संस्था एकच बाजू ऐकतात. माझ्या मित्राचं सगळं घर ४९८अ मध्ये, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमात, अडकलं. इंटर्नना हे शिकवतात का?

काळाकोट

स्पष्टवक्ता साहेब, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. ४९८अ फौजदारी, १९८३ साली आलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालं. त्यात सरसकट अटक करू नका हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेशकुमार खटल्यात सांगितलंय. घरगुती हिंसाचाराचा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा. घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, खर्च यांचे आदेश त्यात मिळतात. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर मग तुरुंगाची भाषा. आणि तो फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, विधवा वहिनी यांनाही वापरता येतो. तुमच्या मित्राच्या आईलाही येतो.

विषयाचं बोलायचं तर मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षात इंटर्न होतो. पुस्तकात वाचलेलं की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा. मोठ्या उत्साहाने एका आजींना साठ दिवस सांगून टाकले. त्यांनी बोटांवर मोजून कॅलेंडरवर खूण केली. नंतर प्रत्येक तारखेला मला शोधून काढायच्या, "साठ झाले का रे?" मी न्यायालयाच्या मागच्या जिन्याने जायला लागलो.

स्पष्टवक्ता१

आईचं माहीत नव्हतं. बरं. वाचतोय.

निळीशाई

@काळाकोट, मागचा जिना 😄 आजींचं झालं का काम?

काळाकोट

झालं, पोपटी सुरू झाली. पण तोवर मी पदवीधर झालो होतो.

काळाकोट

*पोटगी. फोन!!

टपालपेटी

पोपटी सुरू झाली 😂😂 मेले

सुईदोरा

आमच्याकडे फिल्डवर्क जास्त होतं. गावोगाव बैठका घ्यायच्या, सातबारावर बाईचं नाव हा विषय. मी तक्ता लावून सांगत होते की हिंदू वारसा कायद्यात बदल होऊन महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझं नाव कशावर आहे?" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्याच्या आदल्याच वर्षी दादाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मी सही करून आले होते. कागद वाचलासुद्धा नव्हता. दादाने पेनाचं टोपण काढून हातात दिलं होतं, इतकंच आठवतं.

टपालपेटी

अगं मीसुद्धा. माहेर तुटू नये म्हणून. आम्हा तिघी बहिणींच्या सह्या पाच मिनिटांत उरकल्या.

सुईदोरा

आणि नंतर माहेर राहिलं का?

टपालपेटी

आहे की. फोनवर. जाऊ दे, धागा भलतीकडे जाईल.

काळाकोट

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं. ज्यांनी अजून सही केली नाही त्यांनी आधी वकिलाला दाखवा. पैसे नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. १९८७ चा कायदा आहे.

बिनपगारी

मी जरा कडू लिहिते. आमची संस्था कंपन्यांमध्ये लैंगिक छळ प्रतिबंधाची प्रशिक्षणं घ्यायची. स्लाइड बदलायचं काम माझं. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७, कायदा २०१३, दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती, तक्रार तीन महिन्यांच्या आत, हे सगळं मला झोपेत पाठ. आणि ऑफिसात हिशेब बघणारे एक गृहस्थ रोज माझ्या कपड्यांवर काहीतरी बोलायचे. ताईंना सांगितलं तर "अगं ते तसेच आहेत, मनाने चांगले आहेत." हे वाक्य आम्ही प्रशिक्षणात वाईट उदाहरण म्हणून वाचून दाखवायचो!

आमची माणसं सात, म्हणजे समिती नाहीच. पुढच्या प्रशिक्षणात मी स्लाइड बदलली आणि समोर आलं की दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि प्रशिक्षणार्थींनाही हा कायदा लागू. वीसेक वेळा दाखवलेली स्लाइड. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

तक्रार केली नाही. प्रमाणपत्र हवं होतं. ताईंनी खूप स्त्रियांना सोडवलंय हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे, काय करू.

रातकिडा

@बिनपगारी मिठी. काही करू नकोस, इथे लिहिलंस हेच खूप.

निळीशाई

@बिनपगारी, भाचीला हे वाचायला देतेय. चालेल ना?

बिनपगारी

द्या. आणि स्टायपेंड मिळतो का तेही आधी विचारायला सांगा. माझ्या नावावरून कळलंच असेल.

जुनेरं

आमच्याकडे शनिवारी वाचनवर्ग असायचा, इंटर्नने मोठ्याने वाचायचं. माझ्या वाट्याला मथुरा प्रकरण आलं. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत म्हणून. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं बाईने सांगितलं की न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

वाचताना मला कंटाळा आला होता, खरं सांगते. सोमवारी एका केसचे दवाखान्याचे कागद लावत होते. शेवटची ओळ, "दृश्य जखमा नाहीत." तिथे हात थांबला.

अजून लिहायचंय पण पोरगं उठलं.

उंबरठा_ओलांडून

मी इंटर्न नव्हते. मी टेबलाच्या पलीकडची. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

तुम्हा लोकांना वाटतं आम्हाला कायदा आठवत असेल. मला आठवते ती फॉर्म भरणारी मुलगी. तिच्या हाताला घाम यायचा, कागद ओला व्हायचा, तो ती ओढणीने पुसायची. मला वाटलं, ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय, म्हणजे आपण धीराने घ्यायला हवं. म्हणून मी सगळं सावकाश, नीट सांगितलं. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा सगळं ओळीने कळलं.

तिने माझं आडनाव चुकीचं लिहिलं. अर्जात तेच गेलं, आदेशातही तेच आलं. आता बँकेत दर वेळी सांगावं लागतं की ही मीच.

निळीशाई

अहो कुठल्या साली?? माझ्या हाताला आजही घाम येतो.

उंबरठा_ओलांडून

२०१५. तुम्ही नव्हे, घाबरू नका. पण भाचीला सांगा, आडनाव दोनदा विचारायचं. बाई रडत असली तरी विचारायचं.

रातकिडा

बस आली. उरलेलं रात्री लिहिते, त्या कर्जवाल्या ताईंचं अजून बरंच आहे.