धबधब्याची छायाचित्रे पांढरीफटक येत आहेत. रविवारपूर्वी मदत हवी आहे

गेल्या रविवारी पहाटे पुण्याहून निघून साडेनऊला धबधब्यासमोर पोहोचलो, परंतु पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून शटर एक सेकंद उघडे ठेवून काढलेली सगळी छायाचित्रे पांढरीफटक आली आहेत. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, त्यामुळे हात हलल्याचा प्रश्न नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. नवा कॅमेरा घ्या, हा सल्ला कृपया देऊ नये.

सह्यवाट: धबधबा कोणता, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) किती होता आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) किती, हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

घाटमाथा: सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, घ्या. तो प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, त्यामुळे १/६० सेकंदाचे शटर साधारण एक सेकंदापर्यंत नेता येते. मी तो घेतल्याशिवाय पावसाळ्यात बाहेर पडतच नाही.

झुंजुमुंजू: फिल्टरवर पैसे घालण्यापूर्वी साडेसहाला पोहोचून पाहा. शिवाय श्रावणातल्या भरलेल्या धबधब्याला एक सेकंद लागतच नाही. १/८ ते १/४ सेकंदात पाण्याचे धागे सुटे दिसतात, त्यापुढे नुसता कापसाचा ढीग होतो.

घाटमाथा: धुक्यातला घाटरस्ता अंधारात चालवण्यापेक्षा फिल्टर स्वस्त पडतो.

काठावरून: पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे प्रतिबंधात्मक आदेश असतात, ते आधी पाहावेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे विसरू नये.

धागाकर्ता: काळजीबद्दल आभार, पण मी पाण्यात उतरत नाही. धबधबा मढे घाटातला, वेल्ह्यावरून केळदला गेलो होतो. आयएसओ ४०० होता. अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावर सोपवले होते. तेथे एफ/२२ हा आकडा सतत लुकलुकत होता. सुरुवातीची दहा-बारा छायाचित्रे तर धूसरही आहेत.

बखरवाचक: सिंहगडावरून तानाजी मालुसरे यांचे पार्थिव याच वाटेने उमरठ या त्यांच्या गावी नेले आणि त्यावरून घाटाला हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात.

सह्यवाट: आकडा लुकलुकत होता, हे सुरुवातीलाच लिहिले असते तर एवढी चर्चा झाली नसती. लेन्सचे छिद्र याहून लहान होत नाही आणि प्रकाश तरीही जास्त आहे, असे कॅमेरा तुम्हाला सांगत होता. आयएसओ १०० केल्यास प्रकाशाचा परिणाम चौपट कमी होईल आणि शटर १/८ केल्यास आणखी आठपट. ढगाळ सकाळी एवढे बहुधा पुरते. ऊन पडले तर मात्र घाटमाथा यांचा फिल्टर लागेल, आणि एफ/२२ वर तपशील मऊ पडतात, म्हणून एफ/११ वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर, काम करण्यासाठीही तो उपयोगी आहे. धूसरपणाचे कारण वेगळे असावे. गाडीत एसी चालू होता का?

धागाकर्ता: होता, आणि कॅमेरा मागच्या सीटवर उघडाच होता.

सह्यवाट: मग थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचे बाष्प जमले. शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा. मढे घाटात दरीतून वर येणारा वारा तुषार थेट लेन्सवर आणतो, त्यामुळे कोरडी सुती फडकी दोन-तीन तरी न्या.

धागाकर्ता: आज सकाळी गॅलरीत नळाखाली बादली ठेवून आयएसओ १०० आणि १/८ वर चाचणी घेतली, धार मऊ दिसते आणि पांढरी पडत नाही. शनिवारपर्यंत कोणाकडून ६७ मिलिमीटरचा फिल्टर एका दिवसापुरता मिळाला तर पाहतो.

घाटमाथा: माझा ७७ चा आहे. तो ६७ च्या लेन्सवर बसवणारे जोडकडे असेल तर घेऊन जा.